'विश्वसनीय' कोणाला?

आपल्या समीक्षेत सर्वांत कमी श्रमात सर्वाधिक काम उरकणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर 'विश्वसनीय' ह्या विशेषणाकडे बोट दाखवावे लागेल. कादंबरीतील पात्र विश्वसनीय असते, कथेचा शेवट अविश्वसनीय असतो, आत्मकथनातील अनुभव विश्वसनीय असतो, ऐतिहासिक कादंबरीतील तपशील विश्वसनीय असतो आणि निवेदक तर अलीकडे बहुधा अविश्वसनीयच असतो. काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत प्रस्तुत लेखकाने उमेदवाराला विचारले, "ही नायिका अविश्वसनीय आहे असे आपण लिहिता, पण कोणाला?" उमेदवार बावरला. त्याच्या मार्गदर्शकांनी हा प्रश्न व्याकरणाचा आहे, समीक्षेचा नाही, असे सांगून त्याची सुटका केली. प्रश्न व्याकरणाचा होता, हे खरेच आहे. तो समीक्षेचा नव्हता, हे मात्र मान्य करता येत नाही.

'विश्वसनीय' हा शब्द संस्कृत असला तरी समीक्षेतील त्याची नोकरी इंग्रजीने लावून दिलेली आहे. फरक एवढाच की, इंग्रजीत ही नोकरी एकटा कोणी करीत नाही. क्रेडिबल, प्लॉजिबल, बिलीव्हेबल, कन्व्हिन्सिंग, प्रॉबेबल, रिलायेबल अशा निदान सहा विशेषणांनी ती वाटून घेतली आहे. कोशांत ही विशेषणे एकमेकांच्या अर्थादाखल दिलेली आढळतात, म्हणून ती समानार्थी आहेत असा समज होतो. कोश शेजार दाखवितो; शेजारी एकाच घरात राहतात असे त्यावरून कोणी मानू नये.

'क्रेडिबल'चे मूळ ज्या लॅटिन क्रियापदात आहे त्याचा अर्थ विश्वास ठेवणे असा आहे, तसाच सोपविणे, उसने देणे असाही आहे. 'क्रेडिट' त्याच मुळातून आलेले. आपल्या भाषेत ह्याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे पत. पत माणसाची असते, पेढीची असते, साक्षीदाराची असते. तिला काही आधार लागतो आणि ती कोणीतरी दुसऱ्याने द्यावी लागते. 'प्लॉजिबल'चे मूळ मात्र टाळ्या वाजविण्यात आहे. जे ऐकून सभा माना डोलावील ते प्लॉजिबल. सुरुवातीला हा शब्द गौरवाचा होता. पुढे वरवर गोड दिसणारे, ही छटा त्याला चिकटली आणि जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ती नोंदविली. आज एखाद्या माणसाला इंग्रजीत प्लॉजिबल म्हणणे म्हणजे त्याला सभ्य शब्दांत गोडबोल्या म्हणणे होय. राजकारणातील 'प्लॉजिबल डिनायबिलिटी' ह्या संज्ञेचा सारा अर्थ ह्यातच आहे : इन्कारावर कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच नसते, तो खोटा ठरविता येऊ नये एवढे पुरते. उलट भारताने २००३ साली जाहीर केलेल्या अण्वस्त्रधोरणातील प्रतिरोधन 'क्रेडिबल' आहे. ते 'प्लॉजिबल' असते तर शेजाऱ्यांनी त्याची चिंता केली नसती.

'कन्व्हिन्सिंग'मध्ये जिंकण्याचे क्रियापद दडलेले आहे. ज्याने विरोधच केला नाही त्याला जिंकता येत नाही. म्हणून हा शब्द ऐकणाऱ्याचा प्रतिकार गृहीत धरतो. 'प्रॉबेबल'च्या मुळाशी पारखणे आणि मान्य करणे आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्या शब्दाचा रोख घटना किती वेळा घडते ह्याकडे नसून अधिकारी पुरुषांनी ती मान्य केली आहे काय ह्याकडे होता, हे इयान हॅकिंग ह्यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. 'बिलीव्हेबल' हा ह्या मंडळींतला सर्वांत भोळा शब्द. पण 'एबल' हा शेपटीचा प्रत्यय फसवा आहे. मिलने 'व्हिजिबल' आणि 'डिझायरेबल' ह्यांची तुलना केली, आणि पहिला शब्द 'दिसू शकते' असे सांगतो तर दुसरा 'इच्छिण्यास योग्य आहे' असे सांगतो, ह्या भेदावर बोट ठेवून मूरने १९०३ साली त्याला पेचात धरले. 'बिलीव्हेबल' शक्यतेकडे झुकतो, 'क्रेडिबल' योग्यतेकडे. आपला 'अनीय' प्रत्ययही बहुधा योग्यताच सांगतो. दर्शनीय स्थळ म्हणजे नुसते दिसणारे स्थळ नव्हे. तेव्हा 'विश्वसनीय' म्हणताना आपण न्यायाधीशाची भाषा वापरीत असतो आणि पुरावा म्हणून मात्र आपल्याला तसे वाटले एवढाच देत असतो.

हे भेद केवळ शब्दांचे कौतुक नव्हेत, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. हार्पर ली ह्यांच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ह्या कादंबरीत टॉम रॉबिन्सन ह्या कृष्णवर्णी तरुणावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खटला चालतो. मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात लहानपणीच सरकीयंत्रात सापडून निकामी झालेला, आणि डावखुरा आहे तो मुलीचा बाप. टॉमची साक्ष 'क्रेडिबल' आहे, कारण तिला आधार आहे. पण ती त्या गावातील गोऱ्या ज्यूरीला 'प्लॉजिबल' नाही. त्या मुलीची आपल्याला कीव आली, असे टॉम म्हणतो आणि तेथेच खटला बुडतो. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कीव यावी, हे त्या समाजाच्या कोणत्याच सुभाषितात बसत नाही. मुलीची साक्ष 'क्रेडिबल' नाही, पण 'प्लॉजिबल' आहे. असेच घडत असणार, असे ज्यूरी आधीच मानून बसलेली आहे. साक्ष देणाऱ्याची पत त्याच्या वर्णामुळे आधीच खाली धरली जाते, ह्या अन्यायाचे स्वरूप मिरांडा फ्रिकर ह्यांनी २००७ साली ज्ञानमीमांसेच्या अंगाने मांडले तेव्हा त्यांनी ह्याच खटल्याचा आधार घेतला. आता हा सारा प्रसंग मराठीत सांगा, आणि 'विश्वसनीय' हा एकच शब्द हाताशी ठेवा. टॉमची साक्ष विश्वसनीय होती पण ज्यूरीला अविश्वसनीय वाटली, एवढेच सांगता येईल. म्हणजे काहीच सांगितले जाणार नाही.

इंग्रजीत सगळे आलबेल आहे, असा ह्याचा अर्थ नाही. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या प्रकरणांत, न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा चालून जाणारी अशक्य गोष्ट कवीने पत्करावी, असे सुचविले आहे. तेथे त्याच्याकडे दोन ग्रीक शब्द आहेत : 'एइकोस', म्हणजे तसे असण्याजोगे, आणि 'पिथानोन', म्हणजे मन वळविणारे. बुचरने १८९५ च्या भाषांतरात दोहोंसाठी 'प्रॉबेबल'च वापरले आणि जगाच्या रीतीचा प्रश्न व श्रोत्याच्या मनाचा प्रश्न एकमेकांत मिसळून टाकला. बायवॉटरने १९०९ साली 'लाइकली' आणि 'कन्व्हिन्सिंग' असे दोन शब्द योजून ते पुन्हा वेगळे केले. आमच्या अभ्यासक्रमांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या जो ॲरिस्टॉटल शिकविला गेला तो बहुतांशी बुचरचा. 'संभवनीय अशक्यता' हे सूत्र विद्यार्थी पाठ म्हणतात. त्यातील 'संभवनीय' म्हणजे जगात वारंवार घडणारे की वाचकाच्या गळी उतरणारे, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

सर्वांत मोठी गल्लत झाली आहे ती निवेदकाच्या बाबतीत. वेन बूथ ह्यांनी १९६१ साली रूढ केलेल्या 'अनरिलायेबल नॅरेटर' ह्या संज्ञेला आपण 'अविश्वसनीय निवेदक' असे म्हणू लागलो. बूथच्या मते जो निवेदक संहितेतून जाणवणाऱ्या लेखकाच्या मूल्यांशी सुसंगत बोलतो, वागतो तो रिलायेबल. जो तसे करीत नाही तो अनरिलायेबल. म्हणजे येथे प्रश्न त्याच्या बोलण्यावर आपण किती भरवसा ठेवून चालावे हा आहे. असा माणूस असू शकेल काय, हा नाही. इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) मधील बटलर स्टीव्हन्स घ्या. वडील वरच्या मजल्यावर मरण पावले असताना तो खाली पाहुण्यांच्या सरबराईत राहतो. आपण रडत आहोत हे तो स्वतः सांगत नाही, ते आपल्याला दुसऱ्यांच्या पृच्छेवरून कळते. असा माणूस असतो, ह्याविषयी वाचकाला तिळमात्र शंका येत नाही. त्याच्या स्वतःविषयीच्या बोलण्यावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. रूढ परिभाषेत ह्याचे वर्णन करायचे तर स्टीव्हन्स हे अत्यंत विश्वसनीय पात्र असून तो अविश्वसनीय निवेदक आहे, असे लिहावे लागते. अशी वाक्ये लिहिली गेली आहेत. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या प्रबंधातही, इशिगुरोविषयी नव्हे, पण असे एक वाक्य आहे, आणि त्या वेळी त्याला ते खोल वाटले होते. 'बेभरवशाचा निवेदक' हा शब्दप्रयोग समोर पडलेला असताना तो आम्हाला गावठी वाटला, हे खरे कारण आहे.

मग इंग्रजी विशेषणे देवनागरीत लिहून वापरावीत काय? तसे करणाऱ्यांचा एक वर्ग आहेच. परंतु ह्या उपायाने रोग बरा होत नाही, कारण रोग शब्दसंख्येचा नाही. मराठीत हे काम मुळात विशेषणे करीतच नव्हती. ते क्रियापदे करीत होती आणि बोलण्यात आजही करतात. 'मला पटत नाही', 'तिला खरे वाटले नाही', 'माझा त्याच्यावर भरवसा नाही', 'आम्हाला प्रचीती आली', 'त्याने ते तिच्या गळी उतरविले'. ह्या प्रत्येक वाक्यात विश्वास ठेवणारा वा न ठेवणारा कोणीतरी हजर आहे. बहुतेक ठिकाणी तो चतुर्थीत उभा आहे. नुसते 'पटत नाही' म्हटले तरी ऐकणारा 'मला' अध्याहृत धरतो. इंग्रजी विशेषण हा अनुभव घेणारा वाक्यातून वगळण्याची मुभा देते. आपण इंग्रजीकडून तेवढी मुभा घेतली आणि तिच्यासोबतचे अर्थभेद तेथेच ठेवून आलो. 'मला ही नायिका पटत नाही' ह्या वाक्याशी वाद घालता येतो. तुम्ही कोण, कोठले, तुमच्या ओळखीच्या बायका कोणत्या, असे विचारता येते. 'ही नायिका अविश्वसनीय आहे' हे वाक्य निकालपत्रासारखे येते आणि खाली न्यायाधीशाची सही नसते.

'पटणे' ह्या क्रियापदाचा आणखी एक उपयोग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. दोघांचे पटते किंवा पटत नाही, असेही आपण म्हणतो. समीक्षकाला न पटलेले पात्र म्हणजे पुष्कळदा ज्याच्याशी समीक्षकाचे पटत नाही ते पात्र असते. इंग्रजीला 'प्लॉजिबल'च्या टाळ्यांतून जे सुचवायचे आहे ते मराठीने एका साध्या क्रियापदात बोलून ठेवले आहे.

देशीवादी मित्र येथवर मान डोलावतील आणि मग, इंग्रजी विशेषणांच्या ह्या चिकित्सेची गरजच काय, असे विचारतील. गरज अशी की, भेद कोठे पडला हे कळल्याशिवाय आपल्या शब्दांतून काय काढायचे हे कळत नाही. आणि आपल्या परंपरेचा उल्लेख करायचा तर तिनेही हा प्रश्न एका शब्दात गुंडाळलेला नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण ठरते ते बोलणारा आप्त असेल तरच. ही पतीची चर्चा आहे. आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतातील चर्चा अगदी वेगळी आहे. केवळ मनुष्य असलेल्या राजाने सात समुद्र ओलांडल्याचे वर्णन कितीही सुंदर केले तरी ते नीरस होते, असे तो म्हणतो आणि लगेच स्वतःच शंका उपस्थित करतो : सातवाहनादी राजे नागलोकात गेल्याच्या कथा ऐकिवात आहेत, त्यांचे काय? त्याचे उत्तर असे की, राजांच्या प्रभावाचा अतिशय वर्णन करणे अनुचित नाही. पण कल्पित कथेत निखळ मानुष पात्रावर दिव्य कर्म लादणे अनुचित. येथे घटना शक्य आहे काय हा मुद्दाच नाही. श्रोत्यांनी त्या पात्राविषयी आधीपासून काय ऐकले आहे, आणि कथा प्रसिद्ध आहे की कविकल्पित, ह्यावर निर्णय ठरतो. पैठणच्या राजाला जी सवलत मिळते ती कवीने नव्याने निर्माण केलेल्या माणसाला मिळत नाही. म्हणजे औचित्यातही एक 'कोणाला' दडलेला आहेच. तो उघड न करता औचित्याचा जयघोष करणारेही शेवटी आपल्याच सभेच्या टाळ्या मोजीत असतात.

सभेच्या टाळ्या कोणाला मिळत नाहीत, हे पाहिले म्हणजे ह्या शब्दवादात काय पणाला लागले आहे ते ध्यानात येते. फ्रान्समध्ये १६७८ साली 'ला प्रँसेस द क्लेव्ह' प्रसिद्ध झाली तेव्हा नायिकेने आपल्या मनातील परपुरुषाविषयीची ओढ नवऱ्यापाशी कबूल करावी, ह्यावरून वाद माजला. 'मर्क्यूर गालां' ह्या नियतकालिकाने पत्नीने असे करावे काय, ह्यावर वाचकांची मते मागविली. जेरार जेनेत ह्यांनी १९६८ साली दाखविले की, त्या काळच्या टीकाकारांना हे सत्यसदृश वाटले नाही ह्याचे कारण, अशा वागण्याला मान्यता देणारे कोणतेही सर्वमान्य सूत्र त्यांच्यापाशी नव्हते. नॅन्सी मिलर ह्यांनी १९८१ च्या निबंधात तोच धागा पुढे नेऊन स्त्रियांच्या कथात्म लेखनाला वारंवार लावला जाणारा 'इम्प्लॉजिबल' हा दोष वस्तुतः कोणाच्या सुभाषितांचा रक्षक आहे, असा प्रश्न विचारला. हीच गोष्ट कायद्याने किती उघडपणे केली होती पाहा. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम १५५ साक्षीदाराची पत कशी खोडून काढावी हे सांगत असे, आणि त्याचे चौथे पोटकलम बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची होती हे दाखविण्याची परवानगी देत असे. ते २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने वगळले गेले. मूळ अधिनियमही १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला. एकशे तीस वर्षे 'क्रेडिबल'च्या जागी 'प्लॉजिबल' बसविण्याचे काम कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. समीक्षेत ते छापलेले नसते, एवढाच फरक.

मराठीत १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर ह्या नावामागे कोण आहे, ह्याचेच कुतूहल अधिक गाजले. कथांतील मुलींची घुसमट खरी वाटते काय, ह्यापेक्षा सांगणारीची पत ठरविण्याची घाई अधिक होती. तीस वर्षांनी बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधील कथांवर भडकपणाचा आक्षेप आला. भडक म्हणजे काय? घटना घडत नाहीत असे म्हणायचे होते काय? तसे म्हणण्याचे धाडस बहुधा कोणी केले नाही. आक्षेपाचा आशय एवढाच होता की, आमच्या माहितीतील जगात माणसे एवढ्या वरच्या पट्टीत जगत नाहीत. हे 'मला पटत नाही' असे लिहिले असते तर ते वाक्य प्रामाणिक ठरले असते आणि ते खोडूनही काढता आले असते.

त्यानंतर आत्मकथने आली आणि लंबक दुसरीकडे गेला. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) ह्या सर्वांना आपण एकाच शब्दाने ओवाळले, आणि तो शब्द अर्थातच 'विश्वसनीय' होता; सोबतीला 'अस्सल' आणि 'दस्तऐवज'. ह्या गौरवात पत देण्याचा आव होता, पण ज्याला पत दिली त्याची कला पाहण्याची तसदी नव्हती. दस्तऐवजाला कोणी शैली विचारीत नाही. साक्षीदार म्हणून विश्वास ठेवला की लेखक म्हणून तो आपल्याला काय करायला लावतो, कोठे आपला प्रतिकार गृहीत धरतो आणि कोठे तो मोडून काढतो, ह्या 'कन्व्हिन्सिंग'च्या प्रश्नातून सुटका होते. पूर्वी टाळी न देऊन जे साधले तेच आता टाळी देऊन साधले गेले.

निर्णयकर्त्याला पुन्हा वाक्यात आणले तर समीक्षा व्यक्तिनिष्ठ होईल, हा आक्षेप अपेक्षित आहे. आज ती कमी व्यक्तिनिष्ठ आहे, असे मानणाऱ्यांनीच तो घ्यावा. 'मला', 'आम्हाला', 'त्या काळच्या शहरी वाचकाला' असे लिहिणाऱ्यावर त्या व्यक्तीचा वा गटाचा हिशेब देण्याची जबाबदारी येते. विशेषण तिच्यातून सोडवते.

आणि हा हिशेब संहितेबाहेरूनच आणावा लागतो असेही नाही. 'बलुतं'ची रचनाच पाहावी. तेथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच, तरी एक नव्हेत. सांगणाऱ्याच्या मागे महारवाडा आणि कावाखाना आहे. ऐकणारा शिकलेला, नोकरीपेशातला, आपल्या भूतकाळापासून चार हात दूर राहिलेला आहे. ही हकीकत ज्याला खरी वाटायला हवी, आणि जिच्यामुळे ज्याची स्वतःची पतही धोक्यात येते, असा माणूस लेखकाने पहिल्याच पानांवर समोर बसवून ठेवला आहे. वाचकाच्या आधी त्या श्रोत्याला काय पटले, काय जड गेले आणि काय ऐकताना त्याला तेथून उठावेसे वाटले असेल, ह्या अंगाने 'बलुतं' वाचणारा एखादा प्रबंध परीक्षणासाठी यावा, अशी प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षांची इच्छा आहे. आजवर आलेल्या प्रबंधांत दगडूचे अनुभव विश्वसनीय आहेत, एवढेच वाचायला मिळाले.